श्रीमंत अर्ज आणि भातगिरणी

पुस्तक-परीक्षण लिहायचं तर पुस्तक छापलेलं असावं, त्याला कुणीतरी लेखक असावा आणि त्याची एक प्रत परीक्षकाला फुकट मिळालेली असावी, अशी तीन पथ्यं साहित्यक्षेत्रात पाळतात. मी ज्या ग्रंथाबद्दल लिहिणार आहे त्याच्या बाबतीत फक्त तिसरं पथ्य पाळलं गेलं आहे. ग्रंथ फुकट मिळाला. आमच्या तानसाच्या घरी माळा साफ करताना सौ.ने तो वरून खाली सोडला आणि तो माझ्या पायावर पडला. त्यामुळे ग्रंथ वजनदार आहे हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

ग्रंथ म्हणजे एक बॉक्स-फाइल. आमचे धाकटे बंधू नवी मुंबईतल्या एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला जात. पहाटे आटगाव स्टेशनवर लोकल पकडायची, ठाण्याला बदलायची, आणि रात्री परत येताना पिशवीत कोथिंबिरीबरोबर दहा-बारा छापील कागद आणायचे. कागद कंपनीचा, शाई कंपनीची, मजकूर परदेशी. हे कागद त्याने तारीखवार लावले, शेजारी पेन्सिलीने खुणा केल्या आणि फाइलीवर लिहिलं : ‘फ्लेक्स. बातम्या आणि टिप्स. २००८ ते’. ‘ते’च्या पुढे जागा मोकळी आहे.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम., श्रेणी दुसरी. संगणकाशी माझा संबंध पासबुक छापण्यापुरता आणि पासबुक न छापल्यास ‘सिस्टिम स्लो आहे’ असं सांगण्यापुरता. पण त्या आठवड्यात पाऊस लागला होता, दिवे गेले होते, मोबाइलची रेंज नेहमीप्रमाणे टेकडीवर राहायला गेली होती. कंदिलाच्या उजेडात मी ती फाइल कादंबरीसारखी वाचून काढली. आता वाचली आहे तर मत देणं आलंच.

आधी विषय सांगतो. २००२ साली मॅक्रोमीडिया नावाच्या अमेरिकन कंपनीने एक शब्दप्रयोग काढला : रिच इंटरनेट ॲप्लिकेशन. माझ्या धंद्यातल्या भाषेत श्रीमंत अर्ज. वाचकहो, मी वीस वर्षं अर्ज घेतो आहे. श्रीमंताचा अर्ज कसा असतो ते मला ठाऊक आहे. तो कोरा असतो. श्रीमंत माणूस मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा पीत असतो आणि अर्ज आम्ही भरतो. गरिबाचा अर्ज पूर्ण भरलेला असतो, त्यावर सह्या, अंगठे, तीन फोटो सगळं असतं, आणि तरी एक कागद कमी असतो.

पुढे वाचल्यावर लक्षात आलं की त्या कंपनीलाही जवळजवळ हेच म्हणायचं होतं. इंटरनेटवरचं तेव्हाचं साधं पान म्हणजे गरिबाचा अर्ज. सगळे रकाने भरायचे, बटण दाबायचं, वाट बघायची. मग पूर्ण पान परत यायचं आणि वर तांबड्या अक्षरांत ‘पिनकोड चुकला’. खालचे रकाने पुन्हा कोरे! श्रीमंत अर्जात असं नाही. पिनकोड चुकला की तिथल्या तिथे अदबीने सांगणार, पान न उलटता आकडे बदलणार, आलेख वरखाली होणार, याद्या गुळगुळीत सरकणार. म्हणजे केबिनमधला चहाच. हे सगळं घडवण्यासाठी ब्राउझरमध्ये एक पाहुणा बसवावा लागे. त्याचं नाव फ्लॅश प्लेअर. या पाहुण्यासाठी अर्ज शिवण्याचं जे यंत्र, ते फ्लेक्स. ते २००४ साली बाजारात आलं. २००५च्या अखेरीस अडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. २००८च्या फेब्रुवारीत फ्लेक्सची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्याच बरोबर ‘एअर’ आलं. एअर म्हणजे तोच श्रीमंत अर्ज ब्राउझरबाहेर काढून घरच्या संगणकावर बसवायची सोय. आमच्या बंधूंची फाइल इथून सुरू होते.

आता ग्रंथातल्या टिपांकडे वळतो, कारण ग्रंथाचा उत्तम भाग तोच आहे. टीप पानभराची. सुरुवातीला अडचण, मग उपाय, मग चार ओळींचा नमुना, की संपली. कुणीतरी परक्या माणसाने रात्र जागून शोधलेली युक्ती दुसऱ्या परक्या माणसाला फुकट सांगितलेली. आमच्याकडे परिपत्रकं येतात त्यात पहिलं पान आधीच्या परिपत्रकांच्या क्रमांकांनी भरतं, दुसऱ्यावर मुद्दा असतो आणि तिसऱ्यावर तो मुद्दा आपल्याला लागू नसल्याचं कळतं. त्या मानाने या टिपांचं गद्य फारच सुसंस्कृत वाटलं.

एक टीप यादीतल्या ओळींबद्दल आहे. यादीत हजार नावं असली तरी फ्लेक्स हजार ओळी तयार करत नाही. पडद्यावर दिसतात तेवढ्याच, दहा-बारा, तयार करतं आणि यादी सरकली की वरून गेलेली ओळ खाली नवं नाव घालून पुन्हा वापरतं. त्यामुळे तुम्ही तिसऱ्या ओळीवर ‘बरोबर’ची खूण केलीत आणि यादी सरकवलीत, तर ती खूण भलत्याच माणसापुढे दिसू लागते. आमच्या शाखेत नेमकं हेच झालं होतं. शाखेत कप आठ. मॅनेजरसाहेबांना मधुमेह. शिपायाने त्यांच्या बिनसाखरेच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधला. कप विसळला, पुढच्या फेरीला तो माझ्याकडे आला, आणि साहेबांनी माझा तीन चमचे साखरेचा चहा ‘आज बरा झालाय’ म्हणत संपवला. टीप म्हणते : खूण ओळीवर ठेवू नका, ओळीमागच्या मूळ नोंदीवर ठेवा. म्हणजे दोरा कपाला बांधू नका, साहेबांना बांधा. मला हे इतकं पटलं की मी कंदिलाची वात मोठी करून ते पुन्हा वाचलं.

दुसरी टीप स्मरणशक्तीबद्दल. वापरून झालेली वस्तू संगणक आपोआप झाडून टाकतो, पण तिच्याकडे कुणी एकानेही बोट दाखवलेलं असलं तर टाकत नाही. तेव्हा एखाद्या वस्तूला ‘अमुक घडलं की मला कळव’ असं सांगून नाव नोंदवलंत तर ते नाव आठवणीने काढा, नाहीतर सैल गाठीने बांधा. मी समासात लिहिलं : जामीनदार. कर्जदार गाव सोडून गेला, दुकान मोडलं, म्हैस मेली, तरी जामीनदाराचं नाव वहीत आहे तोवर खातं काही बंद होत नाही.

तिसरी टीप ‘कॉललेटर’ नावाच्या आज्ञेची. एखादा घटक अजून तयार झाला नसेल तर त्याच्याशी आत्ता बोलू नका, काम पुढच्या फेरीला ढकला. ही विद्या आमच्या व्यवसायात १९६९च्या राष्ट्रीयीकरणाच्या आधीपासून आहे. तिचं कुणी पेटंट घेतलं नाही एवढंच.

टिपांचं झालं. बातम्यांबद्दल मात्र माझं मत इतकं चांगलं नाही.

बातम्यांत एकच बातमी आहे, ती म्हणजे नवी आवृत्ती. आणि प्रत्येक नव्या आवृत्तीच्या बातमीत जुन्या आवृत्तीचे दोष प्रथमच कबूल केलेले असतात. काल जी वेगवान होती ती आज ‘पूर्वीची संथ पद्धत’ होते. सून घरात आल्यावर सासूबाईंना आपल्या मुलाचे दोष दिसू लागावेत तसला हा प्रकार. तिसऱ्या आवृत्तीतल्या घटकांना हेलो म्हणत, म्हणजे देवादिकांच्या डोक्यामागचं तेजोवलय. चौथीतल्यांना स्पार्क, म्हणजे ठिणगी. तेजोवलयाकडून ठिणगीकडे जाण्याला प्रगती का म्हणायचं हे काही मला कळलं नाही. फ्लेक्स बिल्डर होतं त्याचं फ्लॅश बिल्डर झालं, आणि या नामांतराची बातमी बारशाच्या उत्साहाने दिली आहे. मग सगळ्यांनी आपापले अर्ज नव्याने शिवायचे. शेजारी मायक्रोसॉफ्टने २००७ साली सिल्व्हरलाइट नावाचा दुसरा पाहुणा आणला होता; त्याच्याकडेही हाच कार्यक्रम.

आमच्या गावची बातमी कशी असते बघा. तानसा धरण १८९२ सालचं. व्हॉइसरॉय लॅन्सडाउन उद्घाटनाला आले होते. तेव्हापासून आजतागायत ते मुंबईला पाणी पाजतं आहे. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रात वर्षातून एकदा बातमी येते : तानसा भरून वाहू लागला. सोबत पूर्ण पातळीचा आकडा, १२८.६३ मीटर. मी लहान असताना हाच आकडा होता, आताही हाच आहे. ‘तानसा चार : आता अधिक ओलं पाणी’ अशी बातमी कुणी दिलेली मला आठवत नाही. आता एक खरं, की मोठमोठे नळ आमच्या तालुक्यातून मुंबईला जातात आणि एप्रिल-मे महिन्यांत शहापुरातल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघतात. तेव्हा टिकाऊपणा म्हणजे न्याय असं मी म्हणत नाही. पण निदान कोरड पडलेल्या माणसाला कुठल्या पाण्यासाठी भांडायचं हे तरी ठाऊक असतं.

फ्लेक्सच्या बाबतीत भांडायचं कुणाशी? एप्रिल २०१०मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने उघड पत्र लिहून सांगितलं की आमच्या फोनवर फ्लॅशला जागा नाही : सुरक्षितता नाही, बॅटरी खातो, बोटाने चालवायच्या पडद्यासाठी तो बनलेला नाही. या पत्राचा आमच्या ग्रंथात उल्लेख नाही. एवढं मोठं पात्र रंगमंचावर येऊन खलनायकाचं भाषण करून जातं आणि ग्रंथकारांना पत्ता नाही! उलट पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात फ्लेक्सची साडेचारावी आवृत्ती आली, तिच्या फोनसाठीच्या घटकांच्या टिपा ओळीने लावल्या आहेत. आणि नोव्हेंबर २०११मध्ये अडोबीने फोनच्या ब्राउझरमधल्या फ्लॅशचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात फ्लेक्सही अपाची नावाच्या संस्थेच्या हवाली करायचं ठरलं. मुलाला मे महिन्यात नवे कपडे आणि नोव्हेंबरात दत्तक.

फाइल इथे थांबते. मला वाटलं, उरलेले कागद माळ्यावरच राहिले. सौ.ला पुन्हा वर चढवलं. (ती काय म्हणाली ते परीक्षणाच्या कक्षेत येत नाही.) वर काही नव्हतं. रविवारी धाकटा आला तेव्हा त्याला विचारलं.

“पुढे छापलंच नाही रे दादा. साहेबांनी सांगितलं, सोमवारपासून दुसरं शिक.”

“मग हे जे शिकलास ते?”

“ते हे काय, तुझ्या मांडीवर आहे.”

जगाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१पासून खुद्द प्लेअरनेच चालायला नकार दिला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सिल्व्हरलाइटही आटोपला. मला सगळ्यांत जवळची वाटली ती दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याची गोष्ट. त्यांचे काही अर्ज फ्लॅशमध्ये शिवलेले होते. मुदत संपली तरी अर्ज उसवून झाले नव्हते. तेव्हा खात्याने जानेवारी २०२१मध्ये काय करावं? स्वतःचा वेगळा ब्राउझर काढला, ज्यात फ्लॅश चालेल! फॉर्म बदलवत नाही म्हणून ऑफिसची इमारत बदलणारे हे लोक माझे कुणीतरी लागत असले पाहिजेत. कॅलिफोर्नियाच्या इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२०पासून जुने फ्लॅश-खेळ आणि कार्टून जपायला सुरुवात केली, हे चांगलंच केलं. पण अर्ज जपायला कोण येणार? कार्टूनवर लोकांचं प्रेम असतं. अर्जावर कुणाचं असतं?

आमचं होतं. आता ते सांगतो, म्हणजे माझ्या मतात राग का आहे ते कळेल.

बाबांची भातगिरणी होती. दिवाळी झाली की भात यायला सुरुवात. रोकड थोडी, उधारी फार. धाकट्याने ठरवलं की गिरणीचा हिशोब संगणकावर आणायचा, तोही श्रीमंत. फ्लेक्स आणि एअर. पडद्यावर भाताची पोती, सरकत्या याद्या, महिन्याच्या दळणाचा रंगीत आलेख. बाबा बघत उभे राहिले. मग म्हणाले, “हे कुठलं गाव?”

गाव किन्हवली होतं. पडद्यावर मात्र पहिली वेलांटी क सोडून त्याच्या पलीकडे जाऊन बसली होती आणि न आणि ह यांचा काडीमोड होऊन मधे पाय मोडलेला न लंगडत होता. श्रीमंत मंचाला मराठी जोडाक्षरं येत नव्हती! माणसाने सूट घालून यावं आणि नमस्कार करता येऊ नये, तसं. अक्षरं नीट मांडणारं नवं यंत्र फ्लॅशच्या दहाव्या आवृत्तीत, ऑक्टोबर २००८मध्ये आलं. पण फ्लेक्सच्या तयार रकान्यांत ते बसायला मार्च २०१०ची चौथी आवृत्ती उजाडावी लागली. तिच्याबद्दलची टीप फाइलीत आहे आणि तिच्या डोक्यावर धाकट्याने पेन्सिलीने ‘किन्हवली!!’ असं लिहिलं आहे. ठिणगीचं एवढं श्रेय मी तिला देतो. त्याने सगळा अर्ज उसवून पुन्हा शिवला. किन्हवली किन्हवली झाली. बाबा खूश झाले आणि म्हणाले, “आता एक शेऱ्याचा रकाना घाल.”

तो शेऱ्याचा रकाना बाबांनी दोन पावसाळे बसून सांगितला आणि धाकट्याने भरला. शंभरावर खाती. मी बाजूला पडल्या पडल्या ऐकत असे. मला त्यातले चारच शेरे आठवतात. ‘मुलीचं लग्न आहे, माघापर्यंत मागू नये.’ ‘हा आपण होऊन देतो, याला विचारू नये.’ ‘दोघे भाऊ बोलत नाहीत, एकाचं दुसऱ्यासमोर काढू नये.’ आणि एक : ‘देत नाही. देणारही नाही. पण इंजिन बिघडलं तेव्हा याच्या बापाने रात्रभर कंदील धरला होता. सोडून द्यावं.’ आमच्या बँकेत ऋण-मूल्यांकनाचा चार पानी तक्ता असतो. त्यात कंदिलाचा रकाना नाही.

याच सुमारास धाकट्याने ग्रंथातली आणखी एक टीप अमलात आणली. एअरच्या दीड क्रमांकाच्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८च्या अखेरीपासून, नोंदींचं भांडार कुलूपबंद करायची सोय होती. टीप म्हणते : खाजगी माहिती कुलपात ठेवा, आणि किल्ली कुठेही लिहून ठेवू नका. लोकांच्या मुलींच्या लग्नाची माहिती ती, खाजगीच. त्याने कुलूप घातलं आणि किल्ली कुठेही लिहिली नाही. इतका आज्ञाधारक वाचक कुठल्याही लेखकाला मिळाला नसेल.

बाबा २०१६ साली गेले. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही तो लॅपटॉप उघडला. धाकट्याला पासवर्ड आठवेना. दोष कुठल्या कंपनीचा नाही, आम्हीच विसरलो. त्याने पुढे मला समजावलं की आतलं भांडार एसक्यूलाइट नावाच्या अगदी साध्या पद्धतीचं असतं. ती पद्धत चालवणाऱ्यांनी २०५० सालापर्यंत ती सांभाळण्याचा इरादा जाहीर केलेला आहे. कुलूप नसतं तर आज कुठल्याही फुकटच्या साधनाने ते उघडलं असतं. म्हणजे श्रीमंत कपडे गेले असते, तरी अंगावरची साधी बंडी राहिली असती.

ग्रंथावर माझा आक्षेप आहे तो इथे. फाइलीत यादी वेगाने कशी सरकवावी याच्या टिपा आहेत, आलेखाला सावली कशी पाडावी याच्या आहेत, कुलूप कसं घालावं याची आहे. ‘हे सगळं एक दिवस बंद होईल, तेव्हा तुमच्या नोंदी साध्या कागदावर अशा उतरवून घ्या’ ही टीप एकाही पानावर नाही. मी तीन वेळा शोधली. बँकेत खातं उघडायचा फॉर्म असतो तसाच बंद करायचाही असतो. आम्ही तो पटकन देत नाही ही गोष्ट निराळी, पण असतो. निर्गमाचा विचार न करता लिहिलेलं सगळं लिखाण मला लग्नपत्रिकेसारखं वाटतं. सुंदर, सोनेरी, आणि मुहूर्तानंतर निरुपयोगी.

आणि हे लिखाण संपलेलं नाही, नुसतं घर बदललं आहे. आता ते फोनवर येतं. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभं राहून पिकाचा फोटो आपला आपण काढायचा. कल्पना चांगली आहे, तलाठ्याची वाट बघणं वाचतं. पण आमचे शेजारी शेतात जातात तेव्हा फोन म्हणतो, नवी आवृत्ती घ्या. नवी आवृत्ती रेंजमध्ये मिळते, रेंज टेकडीवर आणि शेत खाली. वर जाऊन घेतात, खाली येऊन काढतात. गुडघे त्यांचे जुन्या आवृत्तीचेच आहेत.

मागच्या दिवाळीनंतर एक गृहस्थ घरी आले. साठीच्या आसपासचे. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “माझ्या वडलांचं तुमच्या बाबांकडे काही राहिलं होतं. किती ते बघून सांगा. मुलगा कामाला लागलाय.”

आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. धाकटा आत गेला आणि लॅपटॉप घेऊन आला. त्याने तीन-चार पासवर्ड घालून पाहिले : आईचं नाव, गिरणीचं साल, किन्हवली. प्रत्येक वेळी पडदा अदबीने नाही म्हणाला. गृहस्थ वाट बघत होते. शेवटी तेच म्हणाले, “राहू द्या. माझ्या आठवणीने सहा पोत्यांचं दळण होतं. तेवढं धरा.”

मी फाइलीतून एक पाठकोरा कागद काढला. पुढच्या बाजूला सावल्या पाडण्याची टीप होती. मागे तारीख घातली, त्यांचं नाव लिहिलं, सहा पोती लिहिली. धाकट्याने पेन माझ्या हातातून घेतलं, उजवीकडे एक उभी रेघ मारली आणि विचारलं, “दादा, शेऱ्यात काय घालू?”